पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचे बदक

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराच्या पूर्व भागात, काचेचे दोन निमुळते मनोरे डोक्यावर मिरवणारी एक विस्तीर्ण इमारत आहे. तिचे नाव ऑरेगन कन्व्हेन्शन सेंटर. एरवी तेथे व्यापारी प्रदर्शने आणि व्यावसायिकांच्या परिषदा भरतात. शरद ऋतूत मात्र एका शनिवार-रविवारी तेथे वेगळीच गर्दी लोटते. पांढऱ्या केसांचे आजोबा, चाळिशी ओलांडलेले अभियंते, त्यांची मुले आणि क्वचित मुलांचीही मुले त्या दालनात शिरतात, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या टीव्हीसमोर मांडी ठोकून बसतात. पोर्टलंड रेट्रो गेमिंग एक्स्पो या नावाने ओळखला जाणारा हा जुन्या व्हिडिओ गेमचा मेळा प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर उभा राहतो. तिकीट काढून आत गेल्यावर खेळण्यासाठी नाणे लागत नाही. रांगेने मांडलेली यंत्रे सर्वांसाठी खुली असतात.

ऑक्टोबरमधील अशाच एका शनिवारी हिल्सबरोहून आगगाडीने निघालेले तिघांचे एक जैन कुटुंब या दालनात उतरले. वडील मूळचे जयसिंगपूरचे आणि चिपच्या कारखान्यात अभियंता. आई सांगलीची, रविवारी मुलांची पाठशाळा घेणारी. मुलगा बारा वर्षांचा, जन्माने अमेरिकन. आईच्या पिशवीत दशम्या, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याच्या बाटल्या होत्या. चातुर्मास चालू होता आणि ऑक्टोबरच्या मध्यास पोर्टलंडमध्ये सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे जेवणाची वेळ निघतानाच ठरलेली होती.

येण्यामागे मात्र केवळ हौस नव्हती. गेले वर्षभर त्या घरात बंदुकीच्या खेळांवरून वाद धुमसत होता. मुलाचे वर्गमित्र संध्याकाळी संगणकावर एकत्र जमून एकमेकांवर गोळ्या झाडण्याचे खेळ खेळत, आणि त्यालाही त्यांच्यात सामील व्हायचे होते. आईचा ठाम नकार होता. वडिलांची भूमिका डळमळीत होती. आपल्या लहानपणीचे खेळ किती साधे, किती निरुपद्रवी होते हे मुलाने एकदा डोळ्यांनी पाहावे, म्हणजे त्याचा हट्ट आपोआप ओसरेल, असा त्यांचा कयास होता.

तो कयास पहिल्या दहा मिनिटांतच फसला. घरगुती यंत्रांच्या विभागात पाठीला मोठे पोट असलेले जुने डबा-टीव्ही ओळीने मांडलेले होते. एका टीव्हीपुढे नारिंगी रंगाचे प्लास्टिकचे पिस्तूल वायरीने बांधून ठेवले होते. मुलाने दुसरे काही न पाहता नेमके तेच उचलले. पडद्यावर गवत हलले, कुत्रा हुंगत आला, झेप घेऊन दिसेनासा झाला आणि बदक फडफडत आकाशात उडाले.

हा खेळ म्हणजे निनटेंडो कंपनीचा १९८४ सालचा ‘डक हंट’. महाराष्ट्रातील ज्या वाचकांचे बालपण १९९० नंतरच्या दशकात गेले, त्यांना त्याचे नाव आठवत नसले तरी ते कुत्रे नक्की आठवेल. निनटेंडोचे मूळ यंत्र आपल्याकडे फारच थोड्यांच्या घरी होते. आपल्याकडे आली ती त्याची स्वस्त नक्कल. ‘टीव्ही गेम’ या सुटसुटीत नावाने ती विकली जाई, सोबत दोन रिमोट, एक बंदूक आणि शेकडो, कधी कधी हजारो खेळ असल्याचा दावा करणारी कॅसेट मिळे. त्या हजारांत निरनिराळे खेळ प्रत्यक्षात मूठभरच असत, बाकी सगळी त्यांचीच पुनरावृत्ती.

जयसिंगपूरच्या घरातही असा एक टीव्ही गेम आला होता. मामाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. पहिल्याच रात्री आजी म्हणजे या वडिलांची आई देवघरातून बाहेर आली. आपला नऊ वर्षांचा मुलगा पडद्यावरच्या पाखरांवर नेम धरून ओरडतो आहे, हे तिने पाहिले. ती रागावली नाही. तिने बंदुकीची वायर काढली, बंदूक पदरात गुंडाळली आणि लोखंडी कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली. “मारिओ खेळ, गाडीचा खेळ, काय वाटेल ते खेळ. पाखरं मारायची नाहीत,” एवढेच ती म्हणाली. ‘ती खरी पाखरं नाहीत’ हा मुलाचा युक्तिवाद तिने ऐकूनही घेतला नाही. तो युक्तिवाद पुढे तीस वर्षे त्याच्या मनात सलत राहिला. आणि आता पोर्टलंडमध्ये त्याचाच मुलगा पिस्तूल रोखून तेच वाक्य इंग्रजीत म्हणत होता.

या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर मोठे चमत्कारिक आहे. डक हंटच्या पिस्तुलातून काहीही बाहेर पडत नाही. ना किरण, ना संदेश. त्याच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक छोटा घटक असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच पुढच्या क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. हा क्षण सेकंदाच्या साठाव्या भागाएवढा असतो, म्हणून डोळ्यांना केवळ एक लुकलुक जाणवते. पिस्तूल त्या पांढऱ्या चौकोनाकडे रोखलेले असेल तर नळीतील घटकाला आधी अंधार आणि मग उजेड दिसतो, आणि यंत्र नेम लागल्याचे जाहीर करते. हा सारा हिशेब काचेच्या जुन्या टीव्हीवर चित्र उमटण्याच्या नेमक्या वेळेवर बेतलेला आहे. आजच्या सपाट टीव्हीवर चित्र उमटायला किंचित उशीर होतो, तेवढ्याने पिस्तूल आंधळे होते. अशा मेळ्यांत जुने अवजड टीव्ही सांभाळून आणावे लागतात ते यासाठीच.

वडिलांनी हे सारे मुलाला रंगवून सांगितले. पिस्तूल मारत नाही, ते फक्त पाहते. मुलाला ते फार आवडले. “म्हणजे आज्जीचं चुकलं होतं ना?” त्याने विचारले.

उत्तर आईने दिले. तिने त्याला पिठाच्या कोंबड्याची गोष्ट सांगितली.

दक्षिण महाराष्ट्रातील जैन घरांत ही कथा नवी नाही. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी संस्कृतात, पुष्पदंताने अपभ्रंशात आणि तेराव्या शतकाच्या आरंभी जन्न कवीने कन्नडमध्ये ती सांगितली. उज्जयिनीच्या यशोधर राजाला त्याची आई चंद्रमती देवीपुढे पशूंचा बळी देण्याचा आग्रह करते. राजा जीवहत्येला तयार होत नाही. आईचे मन मोडवत नाही, म्हणून अखेर तडजोड निघते: खरा प्राणी नको, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यावा. राजा त्या पिठाच्या कोंबड्यावर तलवार चालवतो. रक्त सांडत नाही, कोणाचा जीव जात नाही. तरीही त्या संकल्पापायी मायलेकरांना मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींतून जन्मोजन्मी मरण सोसत फिरावे लागते. सोमदेवसूरींनी ९५९ साली पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ काव्याचा गाभा हाच आहे. तलवारीखाली काय होते यापेक्षा तलवार उचलणाऱ्याच्या मनात काय होते, याला तेथे महत्त्व आहे. अमृतचंद्राचार्यांनीही ‘पुरुषार्थसिद्ध्युपाया’त हिंसेचे मूळ रागद्वेषाच्या उद्भवातच दाखवले आहे. समोरचा जीव मरो वा न मरो.

मुलगा ऐकत होता. त्याने विचारलेला प्रश्न पाठशाळेत सहसा विचारला जात नाही. राजाच्या मनात निदान देवीला फसवायचे होते. माझ्या मनात तर बदकाविषयी काहीच नाही, मग?

या प्रश्नाला झटपट उत्तर देणारे दोन्ही बाजूंनी पुष्कळ सापडतील. ‘खेळ तो खेळच’ असे म्हणून हात झटकणारे आहेत, आणि मुलांच्या हातातले प्रत्येक यंत्र पापाचे घर मानणारे वडीलधारेही आहेत. दोघेही मुलाच्या मनात डोकावण्याचे कष्ट टाळतात. त्या आईने ते टाळले नाहीत. ती म्हणाली, “तेच तर तुला बघायचं आहे. नेम लागल्यावर मनात काय होतं, ते तू बघ. मी तुला सांगू शकत नाही.” अहिंसेच्या विचारात परिणामांना म्हणजेच अंतरीच्या भावांना जे स्थान आहे, त्याचा याहून सोपा पाठ देणे अवघड होते.

आणि मग शेजारच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या एका स्वयंसेवकाने, हे संभाषण न समजताच, एक गंमत दाखवली. डक हंटच्या पहिल्या प्रकारात दुसरा रिमोट जोडला तर त्याने बदक चालवता येते. हे पुष्कळ खेळाडूंना कधी कळलेच नाही. मुलाने पिस्तूल वडिलांच्या हातात दिले आणि रिमोट घेतला. एका डावात दहा बदके असतात. चाळिशी पार केलेला बाप नेम धरत राहिला आणि मुलगा बदक होऊन जिवाच्या आकांताने इकडे तिकडे पळत राहिला. बदक निसटले की गवतातून ते कुत्रे वर येऊन खदाखदा हसते. जगभरची मुले त्या हसण्यावर चिडत आली आहेत. या टीव्हीपुढे मात्र प्रत्येक हसण्याला मायलेकरांनी टाळ्या दिल्या.

मेळ्याचा बाकीचा पसारा पाहायला दिवस पुरत नाही. घरगुती व्हिडिओ गेमचा आरंभ १९७२ सालच्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या यंत्रापासून मानला जातो. नाझी जर्मनीतून लहानपणी निसटून अमेरिकेत आलेल्या राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून ते घडले. या यंत्रासाठी प्रकाशाच्या बंदुकीचा जोड स्वतंत्रपणे विकला जाई. म्हणजे नेमबाजी ही आजची विकृती नव्हे, ती पहिल्या दिवसापासून तेथे आहे. वडिलांच्या ‘आमच्या वेळचे निरुपद्रवी खेळ’ या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. पण वेगळी वाट शोधणारेही तेथे होतेच. खेळघरे परग्रहवासीयांच्या कत्तलीने भरून गेलेली असताना जपानच्या तोरू इवातानी यांनी स्त्रियांना आणि जोडप्यांना आवडेल असा खेळ म्हणून १९८० साली ‘पॅकमॅन’ घडवला. त्याचा विषय मारणे नव्हे, खाणे. त्यातील भुतांना खाल्ले तरी ती मरत नाहीत. नुसते डोळे उरतात आणि ते घरी परतून पुन्हा देह धारण करतात. पाठशाळा चालवणाऱ्या बाईंना हे दृश्य पाहून हसू आवरले नाही.

त्यांना खरा रस वाटला तो ‘टेट्रिस’मध्ये. अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोत रचलेला हा खेळ आपल्याकडे ‘ब्रिक गेम’ या हातात मावणाऱ्या यंत्राच्या रूपाने जत्रांपर्यंत पोहोचला होता. वरून ठोकळे पडत राहतात. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते, अपुरी राहिली की साठत जाते. पडणे कधी थांबत नाही, उलट वेग वाढतच जातो. आईने मुलाला तेथल्या तेथे आस्रव, बंध आणि निर्जरा समजावून सांगितली. खेळात संवराची सोय मात्र नाही, असेही वर सांगितले. पाठशाळेच्या पुढच्या वर्गाची तयारी अशी परभारे झाली.

टेट्रिसची जागतिक स्पर्धा २०१२ पासून अनेक वर्षे याच मेळ्यात भरत असे. सात वेळा विजेता ठरलेला जोनास न्यूबाउर २०१८ च्या अंतिम फेरीत जोसेफ साली या सोळा वर्षांच्या मुलाकडून येथेच सरळ तीन डावांत हरला. ज्या यंत्रावर ते खेळत होते त्यावरचा टेट्रिस १९८९ सालचा, म्हणजे जिंकणाऱ्या मुलाच्या जन्माआधीचा. हरल्यावर न्यूबाउर खिन्न झाला नाही. मशाल पुढच्या पिढीच्या हाती देण्यात आपल्याला धन्यता वाटते, अशा आशयाचे तो बोलला. जानेवारी २०२१ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी तो गेला. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका अमेरिकन मुलाने १५७ व्या पायरीपर्यंत मजल मारली आणि यंत्रच गोठून थांबले. यंत्राखेरीज कोणा माणसाने तोवर हा खेळ तेथवर नेला नव्हता. जो खेळ हरण्यातच संपतो असे साऱ्यांनी गृहीत धरले होते, त्याचे पडणे एका मुलाने थांबवून दाखवले.

विक्रेत्यांच्या दालनात मात्र मन थोडे आक्रसते. टेबलामागून टेबले जुन्या कॅसेटींनी भरलेली असतात. त्यांतील बहुतेक खेळण्यासाठीच घेतल्या जातात, त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. खटकते ते दुसरेच. मूळ वेष्टन कधीच न उघडलेल्या कॅसेटी जाड प्लास्टिकच्या पेटीत बंद करून, त्यांना गुण देऊन विकण्याची एक रीत अलीकडे रूढ झाली आहे. जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ ची अशी एक सीलबंद प्रत अमेरिकेतील लिलावात साडेपंधरा लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली. तो खेळ कोणी खेळणार नाही. खेळला की किंमत गेली. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर न करता आसक्तीवर केली आहे, तिचे इतके ठसठशीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

याउलट, जे खेळ कोणीच जपून ठेवले नाहीत ते लोप पावत आहेत. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीनुसार अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. काही कॅसेटींत खेळाची प्रगती साठवण्यासाठी बसवलेली छोटी बॅटरी केव्हाच संपली आहे, आणि तिच्यासोबत कोणाच्या तरी बालपणाची नोंदही. अशा बॅटऱ्या बदलणारी, गंजलेल्या पट्ट्या पुसणारी, खेळांच्या प्रती करून ठेवणारी माणसे या छंदाच्या वर्तुळात भेटतात. धर्मग्रंथांची तुलना खेळांशी कोणी करणार नाही. पण मूडबिद्रीची आठवण येथे टाळता येत नाही. हळेकन्नड लिपीतील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके तेथे केवळ दर्शनासाठी जपलेल्या होत्या. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या प्रती करण्याचे काम सुरू झाले, आणि १९३९ साली डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांचा पहिला छापील खंड अमरावतीहून प्रसिद्ध केला. तोपर्यंत जे फक्त पुजले जात होते, ते वाचले जाऊ लागले.

बॅटरीवरून आठवले. कॅसेट चालली नाही की तिच्यात जोराने फुंकर मारायची, हा उपाय जयसिंगपूरपासून पोर्टलंडपर्यंतच्या सगळ्या मुलांना ठाऊक होता. तो कोणी कोणाला शिकवला हे एक कोडेच आहे. प्रत्यक्षात फुंकरीतील दमटपणाने धातूच्या पट्ट्या खराब होतात. कॅसेट काढून पुन्हा बसवली की ती चालते, फुंकरीचा त्यात काही वाटा नसतो. निनटेंडोनेही फुंकर मारू नका असेच सांगितले होते. आजीही तेच सांगायची, फक्त वायुकायिक जीवांच्या कारणाने. तीस वर्षांनी का होईना, एका बाबतीत तरी तिचा निर्णय विनाशर्त मान्य करावा लागला.

सहा वाजायला आले तेव्हा तिघे इमारतीबाहेर येऊन बाकावर बसले. आत पिझ्झाच्या दुकानापुढे रांग होती. दशम्या संपल्या, पाणी पिऊन झाले. जयसिंगपुरात तेव्हा रविवारची पहाट उजाडत होती. आजी अंघोळ करून मंदिरात जाण्याच्या तयारीत असणार हे धरून वडिलांनी व्हिडिओ कॉल लावला. कुठे गेला होतात, काय पाहिलेत, काय खाल्लेत, हे सारे विचारून झाल्यावर मुलाने मोडक्यातोडक्या मराठीत बंदुकीची आणि बदकाची हकिगत सांगितली. पिस्तूल मारत नाही, पाहते, हेही सांगितले.

आजीने ते ऐकून घेतले.

“मग बदक वाचलं का?”

“तीन वाचली, आज्जी. सात नाही वाचली.”

“पळवत कोण होतं?”

“मी.”

“आणि बंदूक?”

मुलाने फोन वडिलांकडे वळवला. वडिलांना काय बोलावे सुचेना. आजीने चष्मा सारखा करून पडद्यात नीट पाहिले आणि म्हणाली, “तुझी बंदूक अजून कपाटातच आहे हं. दिवाळीला याल तेव्हा बघ, चालते का ते. मी रिमोट घेईन.”